लाज नको, घाईही नको

'अंगावरून जाते', 'लघवीच्या जागी आग होते' एवढेच सांगून मान खाली घालणाऱ्या स्त्रिया नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत आजही दिसतात. ज्या अवयवाचे नाव घेण्याचाही संकोच, त्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात मात्र आता थेट मोबाइलवर येते. लेबियाप्लास्टी हे तिचे नाव. तिच्याविषयी कुजबूज करण्यापेक्षा नीट माहिती करून घेतलेली बरी.

योनीमुखाच्या दोन्ही बाजूंना त्वचेच्या नाजूक घड्या असतात. त्यांतल्या आतल्या घड्यांना लघुभगोष्ठ म्हणतात. त्या कापून लहान करणे म्हणजे लेबियाप्लास्टी. योनीमार्ग घट्ट करण्याशी किंवा कौमार्याशी तिचा काहीही संबंध नाही.

या घड्यांचे 'योग्य माप' असे काही नसते. लंडनमध्ये ५० स्त्रियांची मोजमापे घेऊन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लघुभगोष्ठांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत आढळली. एक बाजू मोठी, एक लहान, रंग गडद, कड सुरकुतलेली हे सारे निसर्गाचेच प्रकार आहेत. वयात येताना, बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर त्यांत बदलही होतो. म्हणूनच १८ वर्षांखालील मुलींवर ही शस्त्रक्रिया करू नये, अशी भूमिका ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मध्ये घेतली.

मग ती कुणाला लागते? चालताना, सायकल किंवा स्कूटी चालवताना सतत घासून जखम होणे, संबंधाच्या वेळी घडी आत ओढली जाऊन दुखणे, असा त्रास असेल आणि इतर उपायांनी तो कमी होत नसेल, तर विचार जरूर करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण आधी तपासणी हवी. खाज आणि आग बुरशीच्या संसर्गाने होते, मधुमेहात होते, त्वचेच्या विकाराने होते, उग्र साबणानेही होते. तिथे चाकू नव्हे, औषध लागते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील स्त्रीरोग विभागात ही पहिली तपासणी करून घेता येते.

मराठवाड्याला हे सांगावे लागते, कारण अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमत या भागाने मोजली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर ८२,३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. 'काढून टाका, कटकट संपेल' हा सल्ला किती स्वस्त असतो आणि त्याचे परिणाम किती महाग, हे आपण पाहिले आहे.

दुसरा मुद्दा संमतीचा. समीरा कोहली खटल्यात रुग्णाची संमती केवळ तपासणीपुरती होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढण्यात आले. ती संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. सज्ञान स्त्रीच्या शरीराचा निर्णय नवऱ्याने किंवा सासूने घ्यायचा नसतो. 'नवऱ्याला आवडत नाही' हे तर शस्त्रक्रियेचे कारणच नव्हे.

शस्त्रक्रिया साधारण एक-दोन तासांची असते आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. खरी कसोटी पुढे असते. पहिले काही दिवस सूज आणि ठणका राहतो. कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, सैल सुती कपडे, लघवीनंतर स्वच्छ पाण्याने हलके धुऊन टिपून कोरडे करणे, एवढे पाळावे लागते. निदान आठवडाभर विश्रांती हवी. जड उचलणे, दुचाकी आणि शरीरसंबंध साधारण सहा आठवडे टाळावेत. सूज पूर्ण उतरायला काही महिनेही लागतात. तंबाखू आणि मिश्रीमुळे जखम उशिरा भरते, म्हणून ती आधीच सोडावी. आपल्याकडचा एप्रिल-मेचा घाम आणि पाणीटंचाई लक्षात घेता तो हंगाम टाळलेला बरा. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन शस्त्रक्रिया करणार असाल, तर परतीचा लांबचा प्रवास आणि फेरतपासणीची सोय आधीच ठरवा.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाके उसवणे, व्रण दुखत राहणे, संवेदना कमी होणे हे धोके आहेत. जास्त कापले गेलेले परत येत नाही. ताप, एका बाजूला झपाट्याने वाढणारी सूज, न थांबणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर रात्र काढू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

केवळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्य विमा देत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा: माझा त्रास नेमका कशामुळे आहे? औषधाने भागेल का? तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या? गुंतागुंत झाली तर कोण पाहणार? या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरकडून उठून यावे. आणि उत्तरे मिळाल्यावरही घरी येऊन चार दिवस विचार करावा. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते.