वळते म्हणजे ठीक आहे काय?

पुण्यात सायकल किंवा स्कूटर कोठे धडकली, की पुढचा विधी ठरलेला आहे. पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायचे, हँडलला एक हिसका द्यायचा आणि ते डावीउजवीकडे फिरवून पाहायचे. ‘वळतंय ना? मग झालं!’ असे म्हणून स्वारी पुन्हा रस्त्याला लागते. ही परीक्षा खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि ती कोठे अपुरी पडते, हे तुमच्या शाळेतल्या पदार्थविज्ञानावरून समजण्यासारखे आहे.

आधी सायकल घेऊ. हँडलची उभी दांडी चिमट्याच्या नळीत खाली उतरलेली असते आणि वरचा बोल्ट आवळून ती आत घट्ट बसवलेली असते. सायकल आडवी पडल्यावर हँडल तिरपे होते, ते बहुधा ही पकड घसरल्यामुळे. धातू कोठेच वाकलेला नसतो. तेथे गुडघ्यांचा उपाय योग्यच आहे; बोल्ट आवळला की काम संपले. परंतु सायकल समोरून एखाद्या मोटारीवर किंवा भिंतीवर आदळली, तर सारा जोर चिमट्यावर येतो आणि चिमटा मागे वाकतो. हँडल मात्र पूर्वीसारखेच वळत राहते!

हे ओळखावे कसे? सायकलीकडे बाजूने पाहा. चिमट्याची नळी सांगाड्याच्या पुढच्या आखूड नळीतून वर जाते. त्या आखूड नळीच्या उताराची रेषा मनाने खाली वाढवा. चिमट्याचे पाय आधी त्या रेषेत सरळ उतरले पाहिजेत आणि तळाशी पुढे झुकले पाहिजेत. रेषा वरच मोडून मागे गेली असेल, किंवा तेथल्या रंगाला सुरकुत्या व तडे दिसत असतील, तर धातू वाकला आहे असे समजा. मग पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. एका ठरावीक जागी ते अडखळले, तर छर्ऱ्यांच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत किंवा आतली नळी वाकली आहे.

‘वाकला तर ठोकून सरळ करू’ असे कोणीतरी म्हणेलच. त्याला तांब्याच्या तारेचा एक तुकडा द्या. तार मधोमध वाकवा आणि पुन्हा अगदी सरळ करायला सांगा. जुन्या बाकाशेजारी नवे बाक येते, पण तार पूर्ववत होत नाही. धातूच्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून सरकतात म्हणून तो वाकतो. पण एकदा सरकले की त्यांच्या पुढच्या सरकण्याला अडथळे निर्माण होतात. ती जागा कठीण होते आणि ताण सोसून पुन्हा वाकण्याची तिची ताकद कमी होते. तीच तार त्याच जागी पुनःपुन्हा वाकवली तर तुटते. सरळ केलेल्या चिमट्यातही बारीक चीर असू शकते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ती चीर थोडी वाढवतो आणि चिमटा काही महिन्यांनी, बहुधा उतारावर, दगा देतो. म्हणून वाकलेला चिमटा बदलावा. तेथे काटकसर नको.

स्कूटरची गोष्ट अधिक फसवी आहे. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या बजाज चेतकचेच पाहा. तिचा स्टिअरिंगचा दांडा पुढच्या पत्र्याआड लपलेला असतो. पत्रा ठोकून रंगवला की स्कूटर नवी दिसते, दांड्याचे काय झाले ते कळत नाही. चाकावरच्या मडगार्डमधली आणि मागच्या पत्र्यातली फट धडकेनंतर कमी झालेली दिसली, तर दांडा उघडूनच पाहिला पाहिजे.

मोटारीत तर स्टिअरिंगच्या दांड्याला दोन कामे असतात. चाके वळवणे हे एक. दुसरे काम समजण्यासाठी थोडे गणित करा. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल भरते. ती सुमारे ५ मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखेच हे आहे. जुन्या मोटारींत दांडा अखंड व कडक असे. समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा मागे येई आणि चालकाच्या छातीत घुसे. जनरल मोटर्सने १९६७ च्या मोटारींत दबणारा दांडा आणला आणि १९६८ पासून अमेरिकेत त्याविषयीचे नियम लागू झाले. अशा दांड्याच्या नळ्या एकमेकींत सरकतात, त्यांना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिळ्या तुटतात आणि धडकेची ऊर्जा वाटेतच खर्च होते.

आता पाहा: दांडा एकदा दबला तरी मोटार वळू शकते. पण पुढच्या धडकेत दबायला जागाच उरलेली नसते! ‘वळतंय ना?’ हा प्रश्न फक्त पहिल्या कामाची परीक्षा घेतो. दुसऱ्या कामासाठी डॅशबोर्डखाली वाकून तुटलेल्या खिळ्या आणि आपल्या जागेवरून सरकलेली पकड शोधावी लागते, दांड्याची लांबी कंपनीच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावी लागते. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. चाकात एअरबॅग असेल, तर तुम्ही तेथे हातोडी किंवा पाना मुळीच लावू नका.

१९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. मोटारींच्या नव्या नमुन्यांची कसून परीक्षा अशा संस्थांत होते. पण ती नमुन्याची परीक्षा. तुमच्या घरची मोटार उद्या चौकात धडकली तर ती तेथे जात नाही. पोलिसांपर्यंत गेलेल्या अपघातात मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. किरकोळ म्हणून आपसांत मिटवलेल्या धडकेनंतर मात्र कोणीच तपासत नाही. पेट्रोल गाडीच्या धुराचा दाखला मुदतीत घ्यावा लागतो, स्टिअरिंगचा कोणी मागत नाही. हे मला विचित्र वाटते. गॅरेजच्या बिलात बंपर, दिवे, रंग यांच्या ओळी असतात. ‘स्टिअरिंगचा दांडा तपासला’ ही एक ओळ आपण मागून घ्यायला काय हरकत आहे? वडिलांना, काकांना तसे सांगा.

आणि शिक्षकांना एक विनंती. कार्यानुभवाच्या एका तासाला शाळेच्या सायकल स्टँडवर वर्ग न्या. प्रत्येकाला आपल्या सायकलीचा चिमटा बाजूने पाहू द्या, पुढचे चाक उचलून हँडल फिरवू द्या. लागतील त्या फक्त तारेचे काही तुकडे आणि एक पाना.