आगोटीच्या आधी स्टेपनी उचला

खोपोली सोडून जुन्या रस्त्याने बोरघाट चढायला लागलं की शिंग्रोबाच्या देवळाशी आपण नाणं टाकतो. नाणं जरूर टाका. पण दारात जुनी फियाट, पद्मिनी किंवा अँबेसेडर असेल, तर डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा पत्राही एकदा पाहा.

आपल्या कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. डिकीच्या झाकणाचं रबर कडक झालं किंवा मागच्या दिव्याचं पॅकिंग गेलं की पाणी आत येतं आणि सखल जागा धरतं. चाक आडवं बसणारं असो वा उभं, ते टेकतं तो खळगाच बहुतेक वेळा सखल असतो. पाणी जायचं भोक मातीने बुजलेलं, वर चटई आणि चाक. खालून चिखलाचा मारा चालूच. पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो आणि आपल्याला पत्ता नसतो.

कुणी म्हणेल, वरून फायबर टाकून देतो, दोन तासांत काम. नको म्हणा. गंज झाकल्याने थांबत नाही. गळक्या कौलाखाली चटई अंथरून घर कोरडं होतं का?

आधी गळती शोधा. मागची सीट काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारावं. थेंब कुठून येतो ते खडूने खुणवा. ती वाट बंद न करता पत्रा बदलला, तर पैसे पुन्हा पाण्यात.

मग खळगा खरवडा, स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. टोक आत घुसतं तिथे थांबू नका. खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायला सांगा. गंज चेसिसच्या पट्ट्यांपर्यंत किंवा स्प्रिंगच्या बैठकीपर्यंत गेला असेल, तर ठिगळाचं काम उरलं नाही. जाणत्या डेंटरला दाखवा.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी आता बनत नाही. मुंबईत तिची टॅक्सीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर राहिली नाही. नवा खळगा दुकानात मागून मिळेल ही आशा सोडा. कुर्ल्यातच सीएसटी रोडच्या जुन्या सामानाच्या बाजारात भंगारातल्या गाडीचा चांगला तुकडा शोधा, नाहीतर मूळ पत्र्याच्या जाडीचा पत्रा ठोकून घ्या. जुना खळगा कापण्याआधी त्याचे फोटो आणि मापं घ्यायला विसरू नका. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर बॉडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून आकार जुनाच ठेवा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी निर्धोक असते असं समजू नका; तिच्यातली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातक. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग बरं. एका दमात रेघ ओढू नये. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यावं. नाहीतर पत्रा वाकडा होतो. नंतर दोन्ही बाजूंनी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग आणि खालून अंडरकोटिंग. तळाला भोक ठेवाच, ते बुजवू नका.

शेवटी तांब्याभर पाणी खळग्यात ओता. ते भोकातून निघून गेलं तरच कारागिराचे उरलेले पैसे द्या.

हे सगळं मृगाच्या आधी, उन्हं कडक आहेत तोवर उरका. ओलसर हवेत खरवडलेल्या पत्र्यावर रात्रीत पुन्हा तांबूस थर चढतो. पुढे पावसाळाभर महिन्यातून एकदा स्टेपनी उचला, हात फिरवा, त्याच वेळी तिची हवाही पाहा. पंक्चर घाटातच होतं, आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळत असतो.