कोवळ्या ज्वारीचें विष

पाऊस लांबला व रानांत चारा उरला नाहीं, म्हणजे भुकेलें जनावर गुडघाभर ज्वारींत शिरतें आणि घटकाभरांत धापा टाकीत कोसळतें. यास शेतकरी ‘किराळ लागणें’ म्हणतात. कित्येक जण दृष्टीवर वा करणीवर खापर फोडतात. पण कारण पानांतच आहे.

कोवळ्या ज्वारींत धुरिन नांवाचें द्रव्य असतें; डन्स्टन व हेन्री यांनीं तें १९०२ सालीं वेगळें काढलें. पान चावलें जातांच त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटतें. ही ताटाची खाणाऱ्यांविरुद्धची ढाल होय. अवर्षणानें वाढ खुंटली कीं धुरिनाचें प्रमाण वाढतें; खोडव्याच्या फुटव्यांतही तें पुष्कळ असतें. पीक वयांत आलें कीं तें उतरतें, आणि पक्व दाण्यांत तें जवळजवळ नसतें.

मग तें बियाण्यांतून समूळ कां काढूं नये? चाऱ्याच्या ज्वारींत तें कमी करणें योग्यच. परंतु सोलापुरासारख्या अवर्षणप्रवण मुलखांत, जेथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें, दाण्याच्या ज्वारीची ढाल काढून घेणें आम्हांस धोक्याचें वाटतें. त्यापेक्षां सावधगिरी स्वस्त. फुलोऱ्यापूर्वीं, विशेषतः ताण बसलेली, हिरवी ज्वारी घालूं नये. चांगली वाळवावी, म्हणजे विष बरेंच उडून जातें.

विषबाधा झाल्यास सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट हीं औषधें पशुवैद्याकडून शिरेंतून वेळेवर मिळालीं, तरच जनावर वाचतें. दुष्काळांत तीं प्रत्येक पशुदवाखान्यांत सिद्ध असावीं, ही आमची आग्रहाची मागणी आहे. बैल गेल्यावर आलेली मदत पेरणीस उपयोगी पडत नाहीं.