भोपाळ : खापर कामगारावर का?

भोपाळच्या वायुकांडाचे खापर युनियन कार्बाइडने एका कामगाराच्या घातपातावर फोडले. आमचा सवाल साधा आहे : एक अडसर निकामी झाला तर दुसऱ्याने वायू अडवायचा असतो, मग २ डिसेंबर १९८४च्या रात्री दुसरा, तिसरा अडसर कुठे होता? टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला, पाण्याचे फवारे तोकडे! हे चालू ठेवणे कामगाराच्या हाती होते काय? ती जबाबदारी व्यवस्थापनाची होती. मेले मात्र भिंतीपलीकडच्या झोपड्यांतले गोरगरीब. २०१०मध्ये सात अधिकाऱ्यांना शिक्षा झाली फक्त दोन वर्षांची, आणि जामीन लगेच! कागदावरची सुरक्षा आम्ही मानत नाही. अडसर बंद ठेवून कारखाना चालवणारा मालक हाच आरोपी.