आकडा गावात, सल्ला वेशीबाहेर

मध्य महाराष्ट्रात पारा उतरेल, आभाळ ढगाळ राहील आणि तुरळक ठिकाणी हलक्या सरी पडतील, एवढे सांगून हिवाळ्यातील प्रादेशिक अंदाज थांबतो. इंदापूर तालुक्यात मात्र त्याचा अर्थ बांधागणिक बदलतो. गहू-हरभऱ्याला गारठा मानवतो. परंतु बोरी-कळसच्या द्राक्षबागायतदाराची झोप त्याच गारठ्यात ढग मिसळले की उडते. बाग फुलोऱ्यात असेल तर गळकुजीचे भय, घड पोसत असेल तर केवडा आणि भुरीचे, मण्यांत साखर उतरली असेल तर ते तडकण्याचे. आणि सायंकाळी मारलेले बुरशीनाशक पहाटेच्या सरीने धुऊन गेले, तर औषध, डिझेल व मजुरी यांचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. आज फवारावे की उद्यापर्यंत थांबावे, एवढाच त्याचा सवाल असतो, आणि त्याचे उत्तर त्याला कोणी तरी देणे अगत्याचे आहे.

पर्जन्यछायेतील या मुलखाने पूर्वापार पाऊस न येण्याचीच धास्ती बाळगली. 2025 च्या मे महिन्यात मात्र ऐन उन्हाळ्यात बारामती-इंदापुरावर असा पाऊस कोसळला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटून पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले. नक्षत्रांच्या हिशेबावर विसंबण्याचे दिवस सरले, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागू नये.

शास्त्र आपल्याकडे नाही, असे नव्हे. कृषि-हवामानशास्त्राचा विभाग पुण्यात 1932 साली, डॉ. रामदास यांच्या नेतृत्वाखाली, उभा राहिला. राज्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि फळपीक विम्याची भरपाई त्यांच्याच नोंदींवर ठरते. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाजही प्रसृत होऊ लागला. परंतु त्याच वर्षाच्या पूर्वार्धात देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांतून चालणारे जिल्हा कृषि-हवामान विभाग बंद करण्यात आले. म्हणजे आकडा गावापर्यंत पोहोचला, आणि तो आकडा वाचून 'उद्या फवारू नका, पाणी तोडा' असे शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारा जाणकार त्याच सुमारास दप्तराबाहेर गेला. हा निर्णय आम्हांस सर्वथा अनुचित वाटतो. नुकसानीनंतर पंचनामे करण्यास सरकारी यंत्रणा राबते, तिच्यावर खर्चही होतो; त्यातील अल्पांश आधीच्या सल्ल्यावर खर्चण्यास तिजोरीला जड का जावे?

ऊसतोडीच्या फडात तर अंदाज पोहोचतच नाही. बीडकडून आलेल्या टोळ्या कोप्यांत तान्ह्या लेकरांसह राहतात. पाऊस झाला की सरपण भिजते, अंथरूण भिजते, आणि वाफसा येईपर्यंत ट्रॉली फडात शिरू शकत नसल्याने कोयता थांबतो, मजुरी बुडते, उचलीचा बोजा तेवढा कायम राहतो.

बारामतीच्या शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्रासह प्रत्येक केंद्रात कृषि-हवामानतज्ज्ञाची कायम नेमणूक व्हावी आणि तिची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच केली जावी. मंडळनिहाय सल्ला कृषी सहायकाने रोज चावडीच्या फलकावर लावावा, असा हुकूम तहसिलीतून निघावा. भवानीनगर, माळेगाव आदी कारखान्यांनी पावसाची वर्दी आदल्या दिवशी मुकादमापर्यंत पोहोचवावी, टोळ्यांना ताडपत्री व कोरडे सरपण पुरवावे, आणि पावसाने तोड बंद राहील त्या दिवसांच्या खुराकीची जबाबदारी मजुरांच्या उचलीत न चढवता स्वतःकडे घ्यावी.