लॅपटॉपची किंमत आणि बदलाचे मोल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार काढून घेतला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीवर जगातील कोट्यवधी संगणक चालत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे सुरूही झाले. थांबली ती सुरक्षेतील दोषांची नियमित विनामूल्य दुरुस्ती. घरगुती ग्राहकांसाठी काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत त्या वेळी जाहीर झाली. तथापि मुदतवाढ म्हणजे प्रश्नाची सोडवणूक नव्हे. ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा असावा लागतो. त्यापूर्वीचा लॅपटॉप कितीही जपून वापरलेला असो, त्याचा पडदा आणि कळफलक शाबूत असोत, नव्या प्रणालीच्या दृष्टीने तो अपात्रच.

ज्या कुटुंबात लॅपटॉप ही वर्षभर विचार करून घेतलेली वस्तू असते, तेथे या अपात्रतेचा अर्थ निराळा होतो. यंत्र बिघडलेले नाही, परंतु ते बदलावे लागणार आहे. अशा वेळी तीन मार्ग दिसतात. नवा लॅपटॉप घेऊन विंडोजमध्येच राहावे, अधिक पैसे मोजून ॲपलच्या मॅककडे जावे, किंवा जुन्याच यंत्रावर लिनक्सची एखादी विनामूल्य आवृत्ती बसवावी. दुकानातील चर्चा प्रोसेसर, मेमरी आणि किंमत या तीन आकड्यांपाशी संपते. हे आकडे निरर्थक नाहीत. पण ते निम्माच हिशेब सांगतात. उरलेला निम्मा हिशेब कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो आणि तोच बहुधा अधिक जड पडतो.

छापील किंमत आणि खरी किंमत

टिकाऊ वस्तूची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागून पाहावी, हा अर्थशास्त्रातला साधा पाठ आहे. समजा, ४० हजार रुपयांचा लॅपटॉप चार वर्षे चालला आणि ८० हजारांचा आठ वर्षे चालला, तर दोन्हींचा वार्षिक खर्च दहा हजारच होतो. मॅकच्या बाजूने हाच युक्तिवाद केला जातो. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपा वापरलेल्या यंत्रांची बॅटरी दीर्घकाळ टिकते आणि जुन्या बाजारातही त्यांना भाव येतो, हे खरे आहे. परंतु या भागाकारात दोन गोष्टी निसटतात. पहिली ही की, ८० हजार आज द्यावे लागतात आणि आठ वर्षे पुढे असतात. यंत्र हातातून पडले वा चोरीस गेले, तर मोठी रक्कम बुडते. दुसरी ही की, या यंत्रांतील मेमरी मागाहून वाढविता येत नाही. पहिल्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच अखेरपर्यंत. म्हणजे चार वर्षांनंतरच्या गरजेचा अंदाज आजच बांधावा लागतो, आणि त्या अंदाजाची किंमतही आजच भरावी लागते.

शिवाय कंपनीच्या निर्णयामुळे यंत्र अकाली वृद्ध होणे हा प्रकार केवळ विंडोजपुरता नाही. इंटेल प्रोसेसरचे मॅक २०२० पर्यंत नवे म्हणून बाजारात येत होते. त्यांना मिळणारी शेवटची मोठी आवृत्ती ‘टाहो’ ही असेल, असे ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकले. तात्पर्य, एका कंपनीच्या अंगणातून दुसरीच्या अंगणात गेल्याने मालकी ग्राहकाकडे येत नाही.

मग विनामूल्य लिनक्सच का नको, असा प्रश्न स्वाभाविक आहे. १९९१ साली लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली आज परिपक्व झाली आहे. विंडोजने नाकारलेल्या कित्येक यंत्रांवर ती सुखाने चालते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत राहतात. परंतु विनामूल्य आणि बिनखर्ची हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. बोटाचा ठसा ओळखणारे साधन काही यंत्रांत चालत नाही. एखादा जुना प्रिंटर वा वायफायची चिप हट्ट धरून बसते. झाकण मिटल्यावर बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. हे दोष दूर करता येत नाहीत असे नाही, पण ते दूर करण्यास वेळ लागतो. लिनक्सची किंमत रुपयांत नव्हे, तासांत भरावी लागते.

आणि तासांचा भाव सर्वांना सारखा नसतो. परीक्षा संपल्यावर सुटीत असलेल्या विद्यार्थ्याचे दहा तास या कामी गेले, तर तो काही शिकूनच बाहेर पडेल. त्याच्या बाबतीत खर्च आणि शिक्षण यांतील सीमारेषाच पुसट होते. मार्चअखेरचे हिशेब पुरे करणाऱ्या लेखनिकाचे दहा तास मात्र फार महाग आहेत. त्यातही त्याचे काम ‘टॅली’वर चालत असेल, तर ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनविलेले असल्याने त्याच्यापुरता प्रश्न जवळजवळ मिटतोच. अर्थशास्त्र ज्याला संधिव्यय म्हणते तो माणसागणिक बदलतो. म्हणून ‘उत्तम लॅपटॉप कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा सल्लागार, मग तो दुकानदार असो वा हुशार भाचा, अर्धवटच सल्ला देत असतो.

बोटांची सवय

बदलाच्या खर्चाचा दुसरा भाग सवयीचा असतो. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली टंकलेखन यंत्रावरील इंग्रजी अक्षरांच्या क्रमाविषयी एक लेख लिहिला. ‘क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय’ हा क्रम एकोणिसाव्या शतकातील यंत्राच्या गरजांतून आला. पुढे त्या गरजा संपल्या तरी तो टिकला. कारण लाखो बोटे त्याला सरावली होती, असे त्यांचे प्रतिपादन. १९९० मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी त्याला उत्तर दिले. अन्य मांडणी खरोखरच श्रेष्ठ असल्याचा पुरावा तकलादू आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद सुटलेला नाही. पण शिकलेले कौशल्य हेही एक भांडवल असते आणि बदल झाला की त्याचा काही अंश बुडतो, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

मराठी वाचकाला या सिद्धान्तासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. टंकलेखन संस्थांत रेमिंग्टन मांडणीवर हात बसवून नोकरीस लागलेल्या एका पिढीने तीच मांडणी संगणकावर मागितली. यंत्र गेले, कळांचा क्रम राहिला. दुसरीकडे, भारतीय लिप्यांसाठी १९८६ साली प्रमाणित झालेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत उपलब्ध आहे. जो ती शिकला त्याच्या बोटांतील भांडवल कोणत्याही यंत्रावर चालते. ज्याचे टंकन एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्याचे भांडवल त्या सॉफ्टवेअरच्या वेशीपाशी अडते.

कागद कोणाचे?

यातील सर्वांत गंभीर भाग कागदपत्रांचा आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच झाला. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी संकेतांच्या फॉन्टमध्ये टंकित होत राहिला आणि काही ठिकाणी अद्याप होतो. अशा फॉन्टांत बहुधा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटतो.

एखाद्या शिक्षकाच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, टिपणे आणि अहवाल अशा रूपात असतील, तर नवा लॅपटॉप घेताना तो यंत्र निवडीत नसून, आपल्या वीस वर्षांच्या श्रमांचे काय होणार हे ठरवीत असतो. बहुतेकदा हे त्याला खरेदीनंतर कळते. मग तो फॉन्ट जेथे चालतो त्या प्रणालीकडे तो परत फिरतो आणि ‘सवयीची म्हणून’ तीच पसंत केली, असे सांगतो. वस्तुतः ती पसंती नसते, ती अडवणूक असते. आणि अडवणूक जितकी जुनी, तितकी ती पसंतीसारखी भासू लागते.

यातून सुटण्याचा मार्ग खर्चिक नाही, फक्त त्याचा क्रम उलटा आहे. आधी कागद मोकळे करावेत, मग प्रणाली ठरवावी, आणि यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे. जुने लेखन परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणावे आणि महत्त्वाचे तेवढे डोळ्यांखालून घालावे; कारण परिवर्तनात जोडाक्षरे आणि आकडे बिघडू शकतात. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स यांसारखी सॉफ्टवेअरे तिन्ही प्रणालींवर विनामूल्य चालतात. त्यांची सवय जुन्याच यंत्रावर करून घ्यावी. लिनक्सच्या बहुतेक लोकप्रिय आवृत्त्या लॅपटॉपमध्ये न बसविता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात; प्रिंटर आणि वायफाय यांची परीक्षा त्यातच होऊन जाते. मॅककडे वळणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या बाह्य डिस्कवरील मजकूर मॅक वाचतो, परंतु जादा सॉफ्टवेअरविना तिच्यावर लिहू शकत नाही. एवढी पूर्वतयारी केल्यावर पुष्कळांना असे आढळेल की, आपले काम ब्राउझर, लेखन आणि हिशेबाचे तक्ते यांपलीकडे फारसे जात नाही आणि नव्या यंत्राची निकड वाटली तितकी मोठी नाही. काहींना नेमके उलट आढळेल. पण दोघांचाही निर्णय डोळसपणे झालेला असेल.

संस्थांची जबाबदारी

येथवर प्रश्न व्यक्तीचा होता. परंतु तो तेवढाच नाही. महाविद्यालयाने प्रकल्प अमुकच सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये मागितला, कार्यालयाने अर्ज अमुकच फॉन्टमध्ये पाठवा म्हटले, तर त्या हट्टाचा खर्च ती संस्था सोसत नाही. तो विद्यार्थ्याच्या पालकावर आणि कनिष्ठ लेखनिकावर पडतो. स्वतःच्या सोयीचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून वसूल होण्याचा हा प्रकार आहे. कारखान्याच्या धुराविषयी जो न्याय आपण मानतो, तो येथे का मानू नये?

संस्था बदलू शकतात, याचे उदाहरण देशातच आहे. केरळ राज्याने २००१ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमातून त्याच दशकात सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. पुढे २०१७ साली या उपक्रमाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. तेथे केवळ प्रणाली बदलली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, पाठ्यपुस्तके आणि परीक्षाही त्याच प्रणालीस अनुसरून घडविल्या गेल्या. बदलाचा खर्च एकेका शिक्षकावर न टाकता राज्याने एकत्रितपणे उचलला.

याच्या उलट जर्मनीतील म्युनिक शहराची कथा सांगितली जाते. तेथील नगर परिषदेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले गेले. आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरले. टीकाकारांनी यात लिनक्सचा पराभव पाहिला, तर समर्थकांनी राजकारण आणि विस्कळीत कारभार यांना दोष दिला. खरे कारण कोणतेही असो, आजूबाजूचे जग जुन्या फाइलींचीच देवघेव करीत असता एकट्याने वेगळे होणे किती महाग पडते, हे त्यातून दिसते. व्यक्तीला जे सोसत नाही ते कधी कधी शहरालाही सोसत नाही.

म्हणून आग्रह अमुक एका प्रणालीचा नसावा. तो खुल्या मानकांचा असावा. ‘ओपन डॉक्युमेंट’ या फाइल-पद्धतीस २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. भारत सरकारनेही २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. धोरण कागदावर आहे. प्रश्न टेबलापर्यंत पोचण्याचा आहे. विद्यापीठांनी, शाळांनी आणि कार्यालयांनी एवढाच नियम पाळला की, मराठी मजकूर युनिकोडमध्येच आणि फाइल कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशाच स्वरूपात घेतली जाईल, तर त्यासाठी कोणताही नवा लॅपटॉप खरेदी करावा लागणार नाही. उलट अनेकांचा जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे उपयोगी पडेल, आणि ज्याला नवा घ्यायचाच आहे तो खरोखर निवड करू शकेल.

बाजारात तीन प्रकारची यंत्रे मांडलेली असणे म्हणजे ग्राहकाला स्वातंत्र्य असणे, असे समजले जाते. एकाकडून दुसऱ्याकडे आपले कागद आणि आपली भाषा घेऊन जाता येत नसेल, तर ते स्वातंत्र्य फक्त पहिल्या खरेदीपुरतेच उरते. विंडोज १० गेली, उद्या अकरावीही जाईल. त्या वेळी पुन्हा हाच प्रश्न नव्या किमतीसह उभा राहू द्यायचा की नाही, हे आज कोणत्या स्वरूपात लिहिले आणि साठविले जाते यावर अवलंबून आहे.