मॅक अ‍ॅड्रेस: पत्ता कसला, नुसतं नाव!

मॅकच्या ४८ बिटांतून कार्ड बनवणारी कंपनी कळते, खोली नाही. म्हणूनच खाजगी इथरनेट जुन्या पद्धतीने शहरभर पसरवलं, की प्रोव्हायडरच्या मधल्या स्विचनाही गिऱ्हाइकांचं एकेक मशीन पाठ करावं लागतं. टेबल भरलं, की अनोळखी फ्रेम सगळ्या पोर्टांवर! यावर मोठ्या मेमरीचा स्विच घेणं मला पटत नाही. २००८च्या ८०२.१एएचने फ्रेमवर दुसऱ्या मॅकचं पाकीट चढवलं. मधल्यांनी फक्त कडेचे स्विच ओळखायचे. (कडेवाल्यांचा ताप उरतोच म्हणा.) मशीन हललं तरी आतला पत्ता तोच, पाकीट तेवढं नवं. आपल्या हॉस्टेलात मात्र विंग बदलली की व्हीएलॅन बदलतो, आयपी बदलतो आणि चालू डाउनलोड तुटतं. नव्या स्विचचं टेंडर काढण्याआधी आम्हा पोरांना विचाराल का, सर?